बायकांसाठी मॅरेथॉनचं दार नक्की कोणी उघडलं?

पहाटपाखरू

दर ८ मार्चला आमच्या धावण्याच्या ग्रुपवर एक कृष्णधवल फोटो फिरतो. बॉस्टन मॅरेथॉन, १९६७. अंगावर २६१ नंबर लावलेली एक मुलगी धावतेय आणि कोट घातलेले एक गृहस्थ तिचा नंबर ओरबाडू पाहताहेत. खाली ओळ असते, 'मॅरेथॉन धावणारी जगातली पहिली स्त्री'. फोटो खरा, कॅथरीन स्विट्झरचं धाडसही खरं. पण ती ओळ चुकीची आहे, आणि ती वाचली की मला दरवेळी बॉबी गिबसाठी वाईट वाटतं.

रोबर्टा ऊर्फ बॉबी गिब त्याच शर्यतीत आदल्या वर्षी, १९६६ साली, पूर्ण अंतर धावली होती. तिने रीतसर प्रवेश मागितला होता. संचालक विल क्लोनी यांनी कळवलं की एवढं अंतर बायकांच्या शरीराला झेपत नाही आणि नियमातही बसत नाही. ती तेव्हा कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला राहत होती. तिथून बसने अख्खी अमेरिका ओलांडून ती माहेरी आली. शर्यतीच्या दिवशी आईने तिला हॉपकिंटनला सोडलं, जिथून ही शर्यत सुटते. आत पोहण्याचा पोशाख, वर भावाची बर्म्युडा आणि डोक्यावर ओढून घ्यायची टोपी असलेला सदरा. झुडपात लपून राहिली, बंदूक वाजल्यावर निम्मेअधिक धावपटू पुढे जाऊ दिले आणि मग घोळक्यात शिरली.

मागच्या पुरुषांना थोड्याच वेळात कळलं की ही बाई आहे. तिला उकडत होतं, पण सदरा काढला तर हाकलतील ही धास्ती. ते म्हणाले, काढ तू, आम्ही कोणाला तुला बाहेर काढू देणार नाही. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो. ती ३ तास २१ मिनिटं ४० सेकंदांत पोहोचली, दोनतृतीयांश पुरुष तिच्या मागे होते, आणि शेवटाला मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी तिच्याशी हात मिळवला. १९६७ला, म्हणजे त्या फोटोच्याच दिवशी, ती पुन्हा धावली आणि स्विट्झरच्या जवळजवळ तासभर आधी पोहोचली. नंबर नव्हता, त्यामुळे अधिकृत यादीत नाव नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या मते दार उघडलं ते कोणी? परवानगी नसताना धावलेल्या बाईने, नंबर लावून धावलेल्या बाईने, की आणखी कोणी? धावणाऱ्यांनी आणि न धावणाऱ्यांनीही लिहा.

चकली

बॉबी गिब हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. तो कोटवाला कोण होता? आणि स्विट्झरला मग नंबर मिळाला कसा?

टेकडीकर

चकली, ते जॉक सेंपल, शर्यतीचे एक व्यवस्थापक. आणि नंबर मिळाला कारण तिने अर्जावर 'के. व्ही. स्विट्झर' अशी सही केली होती. ती नेहमी तशीच सही करायची. नियमपुस्तकात 'फक्त पुरुष' असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, इतकं ते गृहीत धरलेलं होतं.

पहाटपाखरू, तुमच्याशी थोडा असहमत आहे. गिबचं धावणं मोठंच, पण नंबर म्हणजे नोंद. नोंद असेल तरच कोणीतरी अडवायला येतं आणि मग व्यवस्थेला उत्तर द्यावं लागतं. स्विट्झर सिराक्यूज विद्यापीठात शिकत होती. तिथले टपालवाले आर्नी ब्रिग्ज अनेकदा बॉस्टन धावलेले, ते तिला सरावाला घेऊन जायचे. त्यांचंही मत होतं की बाईला मॅरेथॉन जमायची नाही. 'सरावात अंतर पूर्ण करून दाखव, मी स्वतः तुला बॉस्टनला नेतो,' म्हणाले. तिने २६ मैल झाल्यावर आणखी पाच मैल धावू या म्हटलं आणि शेवटी ब्रिग्जच भोवळ येऊन पडले! पण माणूस शब्दाला जागला. शर्यतीत ते तिच्या बाजूलाच होते. सेंपलना ढकलून दिलं ते तिच्या मित्राने, टॉम मिलरने. हातोडाफेक करणारा गडी होता.

त्यानंतर काय झालं तेही पाहा. अमेरिकेतल्या हौशी खेळाडूंच्या संघटनेने, एएयूने, तिला निलंबित केलं आणि बायकांनी पुरुषांबरोबर शर्यतीत धावायचं नाही असा नियमच केला. म्हणजे जे गृहीत होतं ते कागदावर आणावं लागलं. कागदावर आलेल्या नियमाशीच भांडता येतं. म्हणून माझं मत स्विट्झरला.

जाता जाता: १९७२ साली बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला. आठ जणी उतरल्या, आठही पोहोचल्या. पहिली नीना कुसिक, ३:१०:२६. पुढच्या वर्षी सुरुवातीच्या रेषेवर सेंपलनी स्विट्झरच्या खांद्यावर हात टाकून गालाचा मुका घेतला, त्याचाही फोटो आहे. तो मात्र कोणी फिरवत नाही.

चार्ल्सकाठी

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. शर्यत एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असते आणि तेव्हा इथे सुट्टी असते. दरवर्षी डबा घेऊन आम्ही वेलस्लीला उभे राहतो. तिथे मुलींचं कॉलेज आहे, साधारण अर्ध्या अंतरावर. मुली अशा ओरडतात की धावणाऱ्यांना त्या दिसायच्या खूप आधी ऐकू येतात. १९६६ साली बाई धावत येतेय ही बातमी गिबच्या आधी वेलस्लीला पोहोचली होती आणि त्या मुली रडत, ओरडत तिची वाट बघत होत्या. मी तिथे उभी राहते तेव्हा हे मनात असतंच.

दोन गोष्टींची भर घालते. १९९६ साली, बरोबर तीस वर्षांनी, बॉस्टन ॲथलेटिक असोसिएशनने गिबला १९६६, ६७ आणि ६८ अशा तिन्ही वर्षांची महिला विजेती म्हणून मान्यता दिली. १९६९ ते ७१ या तीन वर्षांची मान्यता सारा मे बर्मनला. आणि गिब स्वतः शिल्पकार आहे. हॉपकिंटनला २०२१ मध्ये धावत्या मुलीचा पुतळा बसवला, तो तिचा आणि तिनेच घडवलेला. २६१ नंबरही आता कोणाला देत नाहीत. २०१७ मध्ये सत्तर वर्षांची स्विट्झर तोच नंबर लावून धावली आणि मग तो कायमचा बाजूला ठेवला.

सरळमार्गी

सगळं वाचलं, पण एक बाजू मांडतो. त्या काळचे डॉक्टरच म्हणत होते की बायकांना हे घातक आहे. आयोजकांवर जबाबदारी असते. उद्या कोणी रस्त्यावर कोसळलं तर लोक त्यांनाच धरणार. क्लोनी-सेंपल यांना खलनायक करायची गरज आहे का? त्या वेळच्या समजुतीप्रमाणे वागले.

डॉ_मेघना

सरळमार्गी, प्रश्न योग्य आहे, पण ती समजूत कशी तयार झाली ते बघायला हवं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे म्हणून या विषयावर जरा जास्त लिहिते.

१९२८चं ॲमस्टरडॅम ऑलिंपिक. बायकांना पहिल्यांदाच ८०० मीटर ठेवली. जर्मनीची लीना राडके २:१६.८ असा विश्वविक्रम करून जिंकली, जपानची किनुए हितोमी दुसरी, स्वीडनची इंगा गेंत्सेल तिसरी. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. वर्तमानपत्रांत काय आलं? की निम्म्या जणी वाटेत गळाल्या, बाकीच्या रेषेवर मुडद्यासारख्या पडल्या. एका बातमीत तर अकरा जणी धावल्याचं छापलं होतं. शर्यत संपल्यावर दोन मिनिटं गवतावर आडवं पडणं पुरुषांनाही लागतं, त्याची बातमी होत नाही. या गदारोळावर बायकांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती थेट १९६०ला रोममध्ये परत आली. बत्तीस वर्षं!

पुढचा हिशोब: १५०० मीटर १९७२ला. म्हणजे १९८०च्या मॉस्कोपर्यंत ऑलिंपिकमध्ये बाईने धावायचं सगळ्यात मोठं अंतर दीड किलोमीटर होतं.

आता वैद्यकीय भाग. 'गर्भाशय सरकेल, मूल होणार नाही' असं तेव्हा सर्रास सांगत. याला कसलाही आधार नव्हता. गर्भाशय ओटीपोटात बंधांनी आणि स्नायूंनी धरलेलं असतं, धावून ते जागचं हलत नाही. खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत: खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, रक्तातलं लोह घटतं. या गोष्टी बायका धावायला लागल्यावरच अभ्यासता आल्या. बंदी असताना अभ्यास तरी कोणाचा करणार होते?

मोगरा

डॉक्टर, +१००. आमच्या गावाकडे बायका मैलमैल डोक्यावर हंडे वाहत होत्या, तेव्हा कोणाला गर्भाशयाची काळजी वाटली नाही. काळजी नेमकी शर्यतीच्या वेळीच कशी येते?

इतिहासवेडी

तुम्ही सगळे साठच्या दशकात अडकलात. पहिल्याच आधुनिक ऑलिंपिकला जाऊ या. अथेन्स, १८९६. १० एप्रिलला पुरुषांची मॅरेथॉन झाली, स्पिरिदोन लुईस जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता स्तामाता रेविथी नावाची एक गरीब बाई मॅरेथॉन गावातून एकटी निघाली. पदरात लहान मूल होतं, मोठं मूल आदल्या वर्षी गेलेलं. कामाच्या शोधात ती अथेन्सला आली होती आणि धावलो तर काही नाव होईल, पैसा मिळेल, मुलाचं बरं होईल ही आशा. शर्यतीत घेतलं नाही, म्हणून तिने गावातल्या अधिकाऱ्यांकडून निघाल्याच्या वेळेवर सह्या घेतल्या. केवढी जाण! आपण धावलो यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. साधारण साडेपाच तासांत ती अथेन्सला पोहोचली. स्टेडियममध्ये जाऊ दिलं नाही. पुढे तिचं काय झालं याचा माग लागत नाही.

टेकडीकर, तुम्ही नोंदीबद्दल बोललात ना? नोंद ठेवायची धडपड करणारी पहिली ही बाई.

आणि आता हे ऐका. १९८२ला युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदा आली. कुठे? अथेन्सला. मॅरेथॉन ते अथेन्स, तोच जुना रस्ता. पोर्तुगालची रोझा मोटा जिंकली, आणि तिची ती पहिलीच मॅरेथॉन होती. रेविथीनंतर शहाऐंशी वर्षांनी.

टेकडीकर

इतिहासवेडी, सह्यांची गोष्ट माहीत नव्हती. अंगावर काटा आला.

अनुपमा_डोंबिवली

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी चाळिशी उलटल्यावर धावायला लागले. सुरुवातीला पहाटे साडेचारला निघायचे, कारण एकच: कोणी बघू नये. सलवार-कमीज घालून धावायचे, ओढणीची गाठ कमरेला. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, 'गुडघे जातील, मग कोण बघणार?' नवऱ्याने कधी अडवलं नाही, पण 'आज राहू दे ना' हे रोजचं. रस्त्यावर कुत्री, दूधवाल्याच्या मोटारसायकली, आणि आपल्याला बघून वेग कमी करणारे लोक. सगळ्यात मोठा प्रश्न शौचालयाचा. लांब पल्ल्याला निघायचं म्हणजे आदल्या रात्री नकाशावर पेट्रोलपंप शोधून ठेवायचे.

गिबचा सदरा काढण्याचा प्रसंग वाचला आणि आमच्या पहिल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीची आठवण झाली. ओढणी घरी ठेवून टी-शर्टमध्ये रेषेवर उभी होते आणि अवघडले होते. शेजारी साठीच्या एक काकू होत्या. त्यांनी माझ्या नंबराची निसटलेली पिन नीट लावली आणि म्हणाल्या, 'आता फक्त पुढे बघ.' सासूबाई आता पहाटे मला उठवतात आणि चहा-खजूर पुढे ठेवतात. गुडघे शाबूत आहेत.

मोगरा

अनुपमाताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. बारामतीच्या लता करे आठवल्या. नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते.

सरळमार्गी

ती ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत होती ना? मॅरेथॉन नव्हे.

मोगरा

हो, तीन किलोमीटरच. पण त्या वयात नऊवारीत तीन किलोमीटर पळून दाखवा, मग बोलू.

चकली

जरा अवांतर, पण ओढणीवरून विचारते. तेव्हा या बायका धावताना आत काय घालत होत्या? आजच्यासारख्या स्पोर्ट्स ब्रा तर नसतील.

डॉ_मेघना

अवांतर अजिबात नाही. स्पोर्ट्स ब्रा आली १९७७ साली. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी मिळून पहिला नमुना केला, तोही पुरुष खेळाडू वापरतात ते दोन आधारपट्टे एकत्र शिवून. त्याआधी साधी ब्रा नाहीतर गिबसारखा पोहण्याचा पोशाख. काचून कातडी सोलवटायची. तीन तास अशा अवस्थेत धावलेल्या बायकांच्या वेळा बघताना हेही धरा. गिबने १९६६ला बूटही मुलग्यांच्या मापाचे घेतले होते, कारण बायकांचे धावायचे बूट दुकानात मिळतच नव्हते.

पश्चिमवारा

मी जर्मनीत असतो, तिकडची बाजू मांडतो. इथे सीमेजवळ वाल्डनील नावाचं छोटं गाव आहे. तिथे एर्न्स्ट फान आकेन नावाचे डॉक्टर होते. हा माणूस पन्नास-साठच्या दशकांत सांगत होता की सहनशक्तीच्या खेळात बायका कमी पडत नाहीत, उलट लांब अंतराला त्या योग्यच आहेत. लोक हसत.

मे १९६७मध्ये कॅनडात टोरंटोला मॉरीन विल्टन नावाची मुलगी मॅरेथॉन धावली. वय तेरा. वेळ ३:१५:२३, तोवर कुठल्याही बाईने नोंदवली नव्हती इतकी कमी. कौतुक राहिलं बाजूला, लबाडी केली असेल अशी चर्चा झाली. पोरीने काही वर्षांत धावणंच सोडलं. ही बातमी जर्मनीत आली तेव्हा इथेही कोणी विश्वास ठेवेना. फान आकेन म्हणाले, ठीक, करून दाखवतो. सप्टेंबरमध्ये वाल्डनीलच्या मॅरेथॉनमध्ये त्यांनी दोन बायका उतरवल्या. अधिकाऱ्यांचा अडथळा येऊ नये म्हणून त्या पुरुषांच्या मागून निघाल्या. त्यातली आनी पेडे-एर्डकाम्प ३:०७:२६मध्ये पोहोचली. ती दोन मुलांची आई होती, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं.

१९७२ला सरावाच्या वेळी मोटारीने उडवल्यामुळे फान आकेनचे दोन्ही पाय गेले. तरी १९७३ला त्यांनी वाल्डनीलमध्ये फक्त बायकांची मॅरेथॉन भरवली आणि १९७४ला वेगवेगळ्या देशांतल्या धावपटू बोलावून आंतरराष्ट्रीय शर्यत. ती लियाने विंटरने जिंकली आणि १९७५ला तिनेच बॉस्टन जिंकलं, २:४२:२४.

पहाटपाखरू, माझं मत या पाय गेलेल्या डॉक्टरला.

सरळमार्गी

हे आवडलं. म्हणजे त्याच काळात उलट सांगणारे डॉक्टरही होते, पण आयोजकांनी सोयीचं तेवढं ऐकलं. मुद्दा मान्य.

नीलकांती

सगळ्यांची नावं आली, पण ऑलिंपिक कसं मिळालं यावर कोणी बोललं नाही. माझ्या मते दार तिथे उघडलं, आणि ते संघटनेच्या कामाने उघडलं.

१९७२ची न्यूयॉर्क मॅरेथॉन. एएयूने बायकांना परवानगी दिली पण अट घातली की पुरुषांबरोबर निघायचं नाही, दहा मिनिटं आधी निघायचं. बंदूक वाजली आणि सहाच्या सहा जणी रेषेवर मांडी घालून बसल्या. हातात फलक. दहा मिनिटांनी पुरुषांची बंदूक वाजली तेव्हा उठल्या आणि सगळ्यांबरोबर धावल्या. त्यांच्या वेळेत दहा मिनिटं वाढवली, पण ती अट पुढे टिकली नाही. नीना कुसिक त्यातही होती. मुलांना एकटीने सांभाळून ही बाई सराव करत होती आणि शिवाय एएयूच्या बैठकांना जाऊन नियम बदलायला लावत होती. तिचा फोटो कोणी फिरवत नाही.

मग स्विट्झर. तिचं मोठं काम मला १९६७चं वाटत नाही. तिने एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला पटवलं आणि देशोदेशी फक्त बायकांच्या शर्यती सुरू केल्या. १९७८ला अटलांटा, १९७९ला वाल्डनील, १९८०च्या ऑगस्टमध्ये लंडन. लंडनला बायकांच्या शर्यतीसाठी शहरातले रस्ते बंद ठेवले आणि पंचवीसहून अधिक देशांच्या धावपटू आल्या. न्यूझीलंडची लॉरेन मॉलर जिंकली. 'हा खेळ दोनचार देशांपुरता आहे' ही ऑलिंपिक समितीची सबब तिथे संपली. जपानने १९७९ला टोकियोची महिला मॅरेथॉन सुरू केली होती, ती पहिल्या वर्षी बेचाळीस वर्षांच्या जॉइस स्मिथने जिंकली.

आणि ग्रेटे वाइट्झ! नॉर्वेची शाळाशिक्षिका. १९७८ला न्यूयॉर्कला आली ती नवऱ्याच्या आग्रहाने, तोवर इतकं अंतर सरावातही धावली नव्हती. शेवटच्या मैलांत पाय भरून आले आणि रेषा ओलांडल्यावर तिने बूट काढून नवऱ्यावर फेकले, 'पुन्हा असला वेडेपणा करणार नाही!' २:३२:३०, विश्वविक्रम. पुढच्या वर्षी २:२७:३३, अडीच तासांच्या आत येणारी पहिली स्त्री. न्यूयॉर्क तिने नऊ वेळा जिंकली. या आकड्यांपुढे 'झेपत नाही' म्हणणाऱ्यांकडे बोलायला काही उरलं नाही. १९८१च्या सुरुवातीला ऑलिंपिक समितीने होकार दिला.

टेकडीकर

नीलकांती, जबरदस्त प्रतिसाद. मग त्याला जोडूनच ५ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. अमेरिकेची जोन बेनॉय. निवड चाचणीच्या सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती, तरी चाचणी जिंकली. ऑलिंपिकमध्ये पहिल्या तीन मैलांतच एकटी पुढे निघाली. मागच्यांना वाटलं उन्हात दमेल, येईल हाताला. आलीच नाही. २:२४:५२. वाइट्झ दुसरी, मोटा तिसरी.

एक तुलना करतो. १९५६ला मेलबर्नचं पुरुषांचं सुवर्ण आलँ मिमूनने २:२५:००मध्ये जिंकलं होतं. बेनॉय त्यापेक्षा आठ सेकंदांनी कमी. रस्ते, हवा वेगळी हे धरूनसुद्धा!

चकली

त्याच शर्यतीत एक बाई झोकांड्या खात येते ना? ती चित्रफीत पाहिलीये. बघवत नाही. तिला थांबवायला नको होतं का?

डॉ_मेघना

गाब्रिएला आंदरसन-शीस, स्वित्झर्लंड. शेवटचं पाणी हुकलं आणि उष्णतेचा झटका बसला. स्टेडियममधल्या शेवटच्या फेरीला तिला पावणेसहा मिनिटं लागली. डॉक्टर जवळ गेले तेव्हा तिने हाताने दूर राहा अशी खूण केली, कारण कोणी हात लावला असता तर ती बाद झाली असती. तिला घाम येतोय हे डॉक्टरांनी पाहिलं आणि पुढे जाऊ दिलं. ३७वी आली, २:४८:४२. दोनेक तासांत सावरली.

मी तिथे असते तर कदाचित थांबवलं असतं. पण त्या डॉक्टरांनी तिचं शरीर बघून निर्णय घेतला, ती बाई आहे हे बघून नाही. १९२८शी ताडून बघा. तेव्हा न कोसळलेल्या बायकांच्या नावावर शर्यत रद्द झाली. १९८४ला एक खरोखर कोसळायच्या बेतात होती आणि तरी महिला मॅरेथॉन बंद करा असं म्हणायची सोय उरली नव्हती, कारण तिच्या आधी छत्तीस जणी व्यवस्थित पोहोचल्या होत्या.

मी_नाशिककर

आपल्याकडचं कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. १९८४च्या त्याच ऑलिंपिकमध्ये तीन दिवसांनी पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी आली, ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी आशा अगरवालने हाँगकाँग मॅरेथॉन जिंकली, ते किती जणांना माहीत आहे?

आमच्या जिल्ह्याचं नाव मात्र कविता राऊतने केलं. हरसूलजवळचं सावरपाडा, आदिवासी पाडा, पोरगी डोंगरातल्या वाटांनी अनवाणी धावायची. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिला घडवलं. २०१०ला दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाईत रौप्य. सगळे 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणायला लागले. २०१६ला गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेची मॅरेथॉन २:३८:३८मध्ये जिंकून रिओ ऑलिंपिक गाठलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली, मग स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायच्या शर्यतीला, वळली आणि रिओत अंतिम फेरीत पोहोचली. माण म्हणजे दुष्काळी पट्टा. केरळच्या ओ. पी. जैशाने २०१५ला बीजिंगमध्ये २:३४:४३ लावली.

आणि हे लक्षात घ्या, यातल्या बहुतेक मुली शेतकरी, आदिवासी घरांतल्या आहेत. गिब आणि स्विट्झरना 'झेपत नाही' म्हणून अडवलं. आमच्या पोरींना अडवलं ते बूट, दूध, बसभाडं आणि लग्नाचं वय यांनी. आमच्याकडे दार उघडलं ते शाळेच्या शिक्षकांनी आणि तालुक्याच्या स्पर्धांनी. माझं मत त्यांना.

अनुपमा_डोंबिवली

नाशिककर, अगदी. आमच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्या मुली बघितल्या की कळतं, कुठून कुठून रात्रीच्या एसटीने येतात. बक्षिसाची रक्कम मिळाली की आधी घरी फोन.

पहाटपाखरू

सगळ्यांचे आभार, इतकं हाताला लागेल असं वाटलं नव्हतं. माझं मत सांगते. नीलकांती म्हणतात ते संघटनेचं काम नसतं तर १९८४ आलं नसतं, हे पटलं. पण मी गिबच्या नावावर ठाम आहे. कारण नकार आला तरी ती धावली, आणि धावल्यावर शेजारचे पुरुष तिच्या बाजूने उभे राहिले. दार अडवणारे मोजके होते, सोबत धावणारे कित्येक होते, हे तिच्या धावण्यामुळे दिसलं. स्विट्झरच्या बाबतीतही ब्रिग्ज आणि मिलर बाजूलाच होते की.

सरळमार्गी

आणखी एक विचारतो, माहितीसाठी. हल्ली बायकांच्या मॅरेथॉनचे दोन वेगळे विश्वविक्रम का असतात?

पश्चिमवारा

एक पुरुषांबरोबरच्या शर्यतीतला, एक फक्त बायकांच्या शर्यतीतला. मिश्र शर्यतीत पुरुष वेगधारक शेवटपर्यंत पुढे धावू शकतात, वारा अडवतात. २०११ला जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने ठरवलं की विक्रम फक्त बायकांच्याच शर्यतीतला धरायचा. मग पॉला रॅडक्लिफची २००३ची लंडनची २:१५:२५ खाली उतरली असती. आरडाओरडा झाला, ती वेळ राहिली आणि दोन याद्या झाल्या. मिश्रमध्ये तिगिस्त असेफा २०२३ला बर्लिनमध्ये २:११:५३, मग २०२४ला शिकागोत रूथ चेपन्गेटिच २:०९:५६. चेपन्गेटिचवर पुढे उत्तेजकांसाठी बंदी आली, पण ती नंतरच्या नमुन्यावरून, त्यामुळे शिकागोची वेळ यादीत राहिली. फक्त बायकांच्या शर्यतीत असेफाचीच २:१५:५०, लंडन २०२५. मी स्वतः ही दुसरी वेळ मोठी मानतो.

नीलकांती

मी नाही मानत. १९७२ला सहा जणी एकत्र निघता यावं म्हणून रस्त्यावर बसल्या. एकाच रेषेवरून निघून केलेली वेळ खरी. वेगधारक तर पुरुषांच्या विक्रमालाही असतात.

टेकडीकर

यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, मी येतो भांडायला.

चकली

मी आयुष्यात बस पकडण्यापलीकडे धावले नाहीये, पण ठरवलं. जानेवारीतल्या मुंबईच्या शर्यतीत दहा किलोमीटरला नाव घालू का? की फार होईल?

अनुपमा_डोंबिवली

घाल. उद्यापासून एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. बूट संध्याकाळी विकत घे, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात म्हणजे माप बरोबर येतं. ठाण्याकडे असशील तर रविवारी आमच्यात ये.

डॉ_मेघना

आणि त्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. आपल्याकडच्या बायकांत ते हमखास कमी निघतं आणि मग दम लागला की वाटतं आपल्याला जमत नाही.

चकली

तपासणी उद्याच करते. ठाण्यातच आहे, रविवारी किती वाजता आणि कुठे?

अनुपमा_डोंबिवली

साडेपाच, तलावपाळी. पाण्याची बाटली आण.